दोन ते सव्वादोन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे सेनापती म्हणतात. नाव मी ठेवलं आणि तोंडावर म्हणायची छातीही माझीच. त्यांना ते आवडायचं, पण कबूल करतील तर शपथ. उंची बेताची, दोन्ही गुडघे दुखरे, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं भांडण आपोआप थांबायचं.

बावीस वर्षं त्या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात आतल्या फाटकावर होत्या. बाहेरच्या फाटकावर पहारेकरी असतो. तिथून आत आलं की भट्टीकडे जाणारं दुसरं फाटक लागतं, लोखंडी, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं अरुंद. तिथं जाऊबाई. जाणाऱ्याच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात मोजे, पायात टणक बूट आणि पुढे ॲप्रन आहे ना हे बघायचं, नोंदवहीत त्याच्या नावापुढे खूण करायची आणि मगच सोडायचं. कुणाचं काही तुटलंफुटलं असेल तर त्यांच्या कपाटात चार जादा चष्मे, दोन जोड मोजे कायम तयार. एकदा कारखान्याचे सगळ्यांत मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि गप्पांच्या नादात तसेच आत निघाले. जाऊबाईंनी हात आडवा घातला. "साहेब, तापलेल्या काचेला तुमचा हुद्दा वाचता येत नाही." साहेबांनी मुकाट चष्मा लावला. हा किस्सा आमच्याकडे इतक्यांदा सांगून झालाय की माझा नवरा तो सुरू होताच उठून पाणी प्यायला जातो.

ही पगाराची नोकरी. त्यांच्या लेखी खरी नोकरी दुसरीच होती.

जग म्हणजे रणांगण, हे त्यांचं ठाम मत. सैतान लांब कुठे नरकात बसलेला नाही, तो आमच्या जिन्यात, शेगडीपाशी, पाण्याच्या टाकीत दबा धरून आहे. दूध उतू गेलं, वैरी. ऐन प्रार्थनेत फोन बंद पडला, वैरी. मी म्हणायचे, "जाऊबाई, तुम्ही चार्जिंगला लावलाच नव्हता." त्यावर त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या आणि म्हणायच्या, "आणि विसरायला लावलं कुणी?"  मी पुन्हा शिवणयंत्रावर वाकायचे. घरबसल्या शर्टांची काजं करते मी, दिवसाला ऐंशी.

रोज सकाळी निघताना दारामागच्या आरशासमोर उभ्या राहून त्या बायबलमधली शस्त्रसामग्री चढवायच्या. आधी सत्याचा कमरपट्टा, मग नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेच्या वहाणा, हाती विश्वासाची ढाल, डोक्यावर तारणाचं शिरस्त्राण आणि सरतेशेवटी आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि हात खरोखर कमरेशी, छातीशी, डोक्याशी न्यायचा. मी मागून ओरडायचे, "डबा राहिला, सेनापती!"

तुम्ही मात्र हसू नका. मी हसते, तो माझा हक्क आहे, मी त्यांच्यासोबत अठरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आहेत. माझे मोठे दीर एके काळी दारूच्या इतके आहारी गेले होते की त्यांना जिन्यातून वर आणायला दोन माणसं लागायची. तीन वर्षं जाऊबाईंनी दर शुक्रवारी उपास केला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, गार फरशीवर, त्यांच्या पलंगाशी बसून प्रार्थना केली. शिव्या खाल्ल्या, एकदा भांडंही खाल्लं डोक्यावर. आणि एका साध्या बुधवारी दिरांनी बाटली मोरीत ओतली ती कायमची. ते स्वतः सांगतात, "मी सोडली नाही, माझ्याकडून सोडवून घेतली." हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे प्रार्थनेत जोर नाही असं मला कुणी सांगू नये. माझा स्वतःचा विश्वास मागच्या बाकावर बसणारा आहे, पण आहे.

गेल्या वर्षी आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, प्रार्थनेची साखळी सुरू केली. चोवीस तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या कड्या. आपली कडी झाली की पुढच्याला एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे पहारा बदलला. मधली एक कडी जरी निसटली तरी तिथून वैरी आत शिरणार, असं सगळे मानायचे. दुपारी दोन ते सव्वादोन ही वेळ कुणीच घेईना, कारण जेवून सगळ्यांच्या माना डुलत असतात. जाऊबाई उठल्या. "माणसं पेंगतात तेव्हाच तो भिंत चढतो. मी घेते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि सव्वादोन ते अडीच त्यांनी परस्पर माझ्या गळ्यात घातली.

माझी कडी कशी चालायची ते सांगून टाकते, लपवून काय करायचं? फोन वाजला की मी म्हणायचे, "प्रभू, सगळ्यांना सांभाळ," आणि काजं पुढे चालू. अडीच वाजता पुढच्या माणसाला इमानदारीने मिस्ड कॉल. माझ्या कडीतून वैऱ्याची सगळी फौज वाजतगाजत गेली असती. पण मी जिथे बसत होते तिथे कुणाचा डोळा माझ्यावर अवलंबून नव्हता.

त्या मंगळवारी जाऊबाई संध्याकाळी घरी आल्या आणि बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"वैऱ्याने वार केला," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बस चुकली असेल. पण चेहरा पाहिला आणि गॅस बारीक केला. भट्टीवरचा साचेवाला, म्हणजे बाटल्यांच्या तापलेल्या साच्यांना लांब ब्रशने तेल लावणारा माणूस, त्याच्यासमोरच एक बाटली साच्यात फुटली होती. तुकडा डाव्या डोळ्यात. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"कधी झालं?"

"तीनला दहा कमी होते."

"आणि चष्म्याशिवाय तो आत गेला कसा? तुमच्या फाटकातून?"

"नोंदवहीत खूण आहे त्याच्या नावापुढे," त्या फार पटकन म्हणाल्या. "उशिरा आला होता म्हणे, बाहेरचा पहारेकरी सांगत होता. दोन वाजून गेल्यावर."

मी चहा ओतत होते. दोन वाजून गेल्यावर. मी कप त्यांच्या हातात दिला. सव्वादोनला, अगदी ठोक्याला, माझा फोन वाजला होता. म्हणजे दोन ते सव्वादोन या बाई प्रार्थनेत होत्या. आणि दोन म्हणजे शिफ्ट बदलायची वेळ. वर्षभर हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जाऊबाई, तुमची कडी तर झाली होती."

"कडी मी कधी चुकवलेली नाही. उभ्यानेच करते."

"डोळे उघडे ठेवून?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग तो भरलेलाच उचलून मोरीत नेला आणि विसळू लागल्या. चहा गेला सगळा. 

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. सुरुवातीला त्या डोळे उघडे ठेवून, माणसं बघता बघता ओठातल्या ओठात प्रार्थना करायच्या. मग महिन्याभरापूर्वी एक पाहुणे उपदेशक आले आणि म्हणाले की अर्धं मन देवाला देणारा शिपाई हत्यार घरी विसरून लढायला जातो. ते जाऊबाईंना लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोनला दहा कमी असतानाच दुपारच्या बेचाळीस नावांपुढे खुणा करून टाकायला सुरुवात केली. माणसं रोजची, सामान रोजचं, बहुतेक जण दोनच्या आतच येतात. आणि दोनच्या ठोक्याला भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायचे. पूर्ण मन देवाला. एक फाटक राखायला दुसरं उघडं टाकलं त्यांनी, आणि तेही इतक्या श्रद्धेने की सांगून सोय नाही.

बुधवारी त्यांनी घरात कुणालाच स्वस्थ बसू दिलं नाही. स्वच्छ फडताळ पुन्हा पुसलं. वाळलेले कपडे पुन्हा वाळत घातले. वैरी शिरू नये म्हणून दाराच्या चौकटीला प्रार्थनेचं तेल लावलं, खिडक्यांना लावलं, माझ्या शिवणयंत्रालाही लावलं, आणि मला दोन शर्ट डागामुळे परत करावे लागले. साखळीतल्या सगळ्यांना फोन झाले: साचेवाल्याच्या डोळ्यासाठी प्रार्थनेत झगडा. जेवायला बसायच्या आणि दोन घासांत उठायच्या. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून गॅलरीत. दीर म्हणाले, "अगं बस की जरा." त्यांनी ऐकलंच नाही.

गुरुवारी कारखान्यात चौकशी झाली. सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं, त्याने चष्मा घातला होता का? जाऊबाईंनी उत्तर दिलं, "खूण आहे म्हणजे मी बघितलं होतं." घरी येऊन हे त्यांनी मला भिंतीकडे बघत सांगितलं. आता सोमवारी शेवटचा जबाब, त्यावर सही, आणि मग निकाल.

"म्हणजे त्याने आत जाऊन स्वतःच चष्मा काढला असं ठरणार?" मी विचारलं.

"ते साहेब ठरवतील."

"आणि नियम मोडला म्हणून त्याला कामावरून काढणार. एका डोळ्याच्या माणसाला. कारखाना त्याच्या उपचारातूनही अंग काढून घेणार."

"मी खोटं बोललेले नाही! खूण आहे वहीत!"

शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जमली. जाऊबाई सगळ्यांच्या पुढे, हात वर, आवाज टिपेला. अपघाताच्या आत्म्याला बांधलं, अंधत्वाच्या आत्म्याला हाकललं, चौकशीवाल्या अधिकाऱ्यावर काम करणाऱ्या शक्तींना धिक्कारलं. मी मागच्या बाकावरून बघत होते. लोक डोळे पुसत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. शेवटी त्या आमच्या चर्चच्या पाळकांजवळ गेल्या. मी मुद्दाम जवळ सरकले.

"पाळकसाहेब, आतून सारखा एक आवाज येतो. तुझी चूक, तुझी चूक म्हणतो. झोपू देत नाही."

पाळक भले गृहस्थ, त्यांना काय माहीत वही कुणी कधी भरली ते. म्हणाले, "तो दोष ठेवणारा सैतान, बाई. विश्वासणाऱ्यांवर रात्रंदिवस आरोप करणं हेच त्याचं काम. येशूच्या नावाने धिक्कारा त्याला."

झालं. सेनापतींना हुकूम मिळाला.

शनिवारी सकाळी आरशासमोरचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण. शांतीच्या वहाणा. विश्वासाची ढाल. मी भाजी चिरायची थांबले. त्या थबकल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि पुन्हा उरस्त्राणापासूनच. मला राहवलं नाही. मी सुरी हातात घेऊनच बाहेर आले.

"कमरपट्टा राहिला, जाऊबाई."

"काय?"

"सत्याचा. गुरुवारपासून तुम्ही तो बांधतच नाही आहात. मी ऐकतेय."

 आणि मग त्यांनी उजवा हात माझ्या तोंडासमोर धरला, पंजा पसरून, आणि भिंती हादरतील अशा आवाजात ओरडल्या, "मागे हो, सैताना! येशूच्या नावाने गप्प बस!"

माझ्या हातात सुरी होती, भाजीची. ती मी आधी नीट टेबलावर ठेवली, हे मी देवाचे उपकार समजते. मग म्हणाले, "मी सैतान नाही. मी तुमची धाकटी जाऊ आहे, सव्वादोनची. आणि तुम्ही चार दिवस ज्याला हाकलताय ना, तो वैरी असता तर एवढ्यात पळाला असता. तुमच्या प्रार्थनेचा जोर मला माहीत आहे."

त्या गेल्या कामावर, डबा न घेता. मी दिवसभरात चाळीससुद्धा काजं केली नाहीत. राग आला होता, आणि भीतीही वाटत होती, त्यांच्यासाठी. या बाईकडून हा विश्वास काढून घेतला तर खाली काय उरेल, मला कळत नव्हतं.

रविवारी दुपारी त्या म्हणाल्या, साचेवाल्याला भेटायला जायचंय, तेल लावून प्रार्थना करायची आहे. सोबत चल. अजून माझ्याशी धड बोलत नव्हत्या, पण जिने चढायला त्यांना खांदा लागतो.

इस्पितळात लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा. साचेवाला खिडकीशी होता. पस्तिशीचा असेल. अर्धा चेहरा पट्टीखाली. बायको खाली औषधं आणायला गेली होती. जाऊबाईंना बघून तो उठायला लागला.

"बाई, तुम्ही कशाला आलात ते गुडघे घेऊन?"

जाऊबाईंनी पर्समधून तेलाची बाटली काढली, बोटांवर घेतलं, आणि "प्रभू" म्हणून डोळे मिटणार एवढ्यात तो म्हणाला, "थांबा जरा बाई. एक सांगायचंय, बायको यायच्या आत. साहेब दोनदा येऊन गेले. चष्मा कुठे काढलास विचारतात. मी म्हटलं, आठवत नाही."

"आठवत नाही तुला?"

"आठवतं ना. चष्म्याचा पट्टा घरीच तुटला होता. म्हटलं, बाईंच्या कपाटातला घेऊ, नेहमीसारखा. आलो तर तुमचे डोळे मिटलेले. ओठ हलत होते. थोडा थांबलो, एकदा खाकरलो. मग म्हटलं, देवाशी बोलणाऱ्या माणसाला मधेच कशाला तोडायचं? माझी आई पण अशीच बसायची, आम्ही तिला हाक मारायचो नाही. आत उशीर होत होता. गेलो तसाच."

जाऊबाईंची तेलाची बोटं हवेतच राहिली.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"तुमची नोकरी जाईल ना," तो म्हणाला. "बावीस वर्षं झाली तुम्हाला. माझा डोळा तर गेलाच आहे."

त्यांनी प्रार्थना केली नाही. बोटांवरचं तेल रुमालाला पुसलं, बाटलीचं झाकण लावायला चार वेळा प्रयत्न केला, मग ते मी लावलं. बसमध्ये खिडकीपाशी बसल्या आणि तीन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "मी ज्याला धिक्कारत होते तो वैरी नव्हता गं."

मी तिकिटं पर्समध्ये टाकली.

"तूही नव्हतीस."

"फार उपकार झाले," मी म्हणाले.

मग त्या रडल्या. बसमध्ये, लोकांसमोर, नाक रुमालात धरून, त्याच तेलकट रुमालात. मी हात धरला. इतका राग होता मला त्यांचा, पण हात आमचा थांबा येईपर्यंत सोडला नाही.

तरी लढाई संपलेली नव्हती. घरी आल्यावर पुन्हा येरझाऱ्या सुरू. "सगळा कारखाना म्हणेल, प्रार्थनेने डोळा घेतला माणसाचा. माझं जाऊ दे, प्रभूचं नाव खराब होईल. बावीस वर्षं मी त्या लोकांना सांगत आलेय, प्रार्थना करा, प्रार्थना करा. आता कुठल्या तोंडाने सांगू?" हे खरंच होतं. त्यांना नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती. ज्या हत्याराने नवरा परत मिळाला त्याच हत्याराने दुसऱ्याच्या नवऱ्याला जखम झाली, हे चारचौघांत उभं राहून कसं म्हणायचं?

"प्रभूने त्याचं नाव तुमच्या हाती सांभाळायला दिलेलं नाही," मी म्हणाले. "तुमच्या हाती वही दिली होती."

संध्याकाळी त्यांनी पाळकांना फोन केला. या वेळी सगळं सांगितलं, दोनला दहा कमी असताना केलेल्या खुणांसकट. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, मलाही ऐकू यावं म्हणून. 

"बाई, शुक्रवारी मी घाईने बोललो," ते म्हणाले. "वैऱ्याचा आवाज माणसाला कोपऱ्यात कोंडून घालतो, कुठेच जाऊ देत नाही. तुमचा आवाज तुम्हाला कुठे जायला सांगतोय?"

"साहेबांच्या खोलीत."

"मग तो वैरी कसा असेल?"

सोमवारी सकाळी अकराला चौकशी होती. मला आत घेणार नव्हतेच, मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. आतला पंखा बंद होता म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. टेबलामागे तिघे, मधे सुरक्षा अधिकारी. बाजूच्या खुर्चीवर साचेवाल्याची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. जाऊबाईंना खुर्ची दिली, त्या उभ्याच राहिल्या.

"ही खूण तुमचीच?" अधिकाऱ्याने वही पुढे केली.

"माझीच."

"म्हणजे आत जाताना चष्मा होता."

"नव्हता, साहेब. म्हणजे मी बघितलंच नाही. खुणा मी सगळ्यांच्या आधीच करून ठेवल्या होत्या. तो दोननंतर आला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता, जाऊबाईंना ओळखत होता, त्यांनी त्यालाही कधी तरी फाटकावरून परत पाठवलं असणार. "गुडघ्यांसाठी गोळ्या घेता ना तुम्ही?" तो हळूच म्हणाला. "त्यांनी गुंगी येते. डॉक्टर लिहून देतील. चक्कर आली होती का?"

 सुटकेचं दार सताड उघडं करून दिलं होतं त्याने. हो म्हटलं की सुटल्या असत्या, साचेवालाही सुटला असता, प्रभूचं नावही वाचलं असतं. माझ्या स्वतःच्या मनात आलं, म्हणा हो. खरंच आलं. सैतान कुठे असतो हे मला त्या एका क्षणी जेवढं कळलं तेवढं अठरा वर्षांत कळलं नव्हतं.

"नाही साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "प्रार्थना करत होते."

टेबलामागचा एक जण फिसकन हसला. जाऊबाईंचे कान लाल झालेले मला बाहेरून दिसले.

"कामाच्या वेळी? फाटकावर?"

"महिनाभर रोज. दोन ते सव्वादोन. गुरुवारी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. चूक माझी आहे, त्याची नाही. लिहून घ्या."

लिहून घेतलं. जाऊबाईंनी वाचलं आणि सही केली. पुढे काय झालं ते इथेच सांगते. साचेवाल्यावरचा ठपका उठला, उपचार कारखान्याने केले, पण डावा डोळा परत आला नाही. जाऊबाईंना फाटकावरून काढलं. आता त्या बाटल्या खोक्यांत भरायच्या विभागात आहेत, बसून काम, आणि तिथल्या दोन पोरी त्यांना बघून मुद्दाम डोळे मिटतात आणि खिदळतात. जाऊबाई ऐकून घेतात. आमच्या साखळीत त्यांनी आता संध्याकाळची वेळ मागून घेतली आहे, घरची.

पण त्या सोमवारी त्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मागोमाग साचेवाल्याची बायको बाहेर आली. जाऊबाईंपेक्षा वीत-दीड वीत उंच, डोळ्यांखाली काळं.

"काल तुम्हीच आला होता ना? मी खाली औषधांच्या रांगेत होते."

"हो," जाऊबाई म्हणाल्या. आणि मग सवयीने, तोंडातून निघून गेल्यासारखं, "मी रोज प्रार्थना करते गं त्याच्या डोळ्यासाठी. आमची सगळी मंडळी..."

"आता करा."

"काय?"

"प्रार्थना. इथेच करा. पण डोळे उघडे ठेवून. माझ्याकडे बघून."

व्हरांड्यातून माणसं जात होती. कुणी तरी बाटल्यांची ढकलगाडी नेत होतं, काच किणकिणत होती. मला वाटलं, मधे पडावं, पुरे म्हणावं. पण त्या बाईच्या चेहऱ्यात द्वेष नव्हता. तिला खरंच बघायचं होतं.

जाऊबाईंनी मान वर केली. "हे सर्वसमर्थ..." म्हणाल्या आणि थांबल्या. बांधतो, हाकलतो, धिक्कारतो, एवढ्या वर्षांचे ते सगळे शब्द त्यांना ठाऊक होते, आणि समोर त्या बाईचे दोन उघडे डोळे होते. जाऊबाईंचे डोळे भरून आले, गालावरून पाणी खाली आलं, पण त्यांनी ते मिटले नाहीत.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याचा डोळा माझ्यामुळे गेला."

पुढे ओठ हलले, पण आवाज आला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींकडे बघत. शेवटी आमेन मला म्हणावं लागलं.